आठ मालकांचं वकीलपत्र

माझं काम नेमकं काय असतं, हे मी आईला तीनचारदा तरी समजावून सांगितलं असेल. दर वेळी तिनं नीट ऐकून घेतलं आणि दर वेळी शेवटी तोच प्रश्न विचारला.

"कंपन्यांवर आरोप होतो," मी म्हणायचे, "की तुम्ही एकमेकांशी स्पर्धा करायची सोडून आपसात बसून भाव ठरवला. तसं करायला कायद्यानं बंदी आहे. त्यासाठी दिल्लीत एक आयोग आहे. तिथं मी त्या कंपन्यांच्या बाजूनं उभी राहते."

"अन् त्यायनं खरंच ठरवला असन तं?"

"तरी वकील लागतोच, आई."

ती मान हलवायची. तिला पटलेलं नसायचं, पण पोरगी एवढी शिकली आहे तर काहीतरी बरोबरच करत असेल, असा तिचा विश्वास होता.

मी माजरीची. वडील कोळशाच्या खाणीत डोझर चालवायचे. आजोबा शेतमजूर होते. त्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात पोरांनी शिकायचं की नाही, हा प्रश्न कोणी काढलाच नाही. मी नागपूरला वकिली शिकले, दिल्लीला गेले आणि एका मोठ्या ऑफिसात लागले. पहिली काही वर्षं फायलींना पानांचे नंबर घालण्यात गेली. मग हळूहळू बोलायला मिळालं. सिमेंटवाले, टायरवाले, औषधविक्रेत्यांच्या संघटना, सगळ्यांची कामं केली. तपास अहवाल दोन-दोन हजार पानांचे असायचे. त्यात कुठल्या हॉटेलात कोण कोणाला भेटलं, कुणी कुणाला किती वाजता फोन केला, कुणाचा भाव कुणाच्या भावाशी पैशापर्यंत जुळतो, असं सगळं असायचं. मी त्यातली फट शोधायची. कंपन्या अर्थशास्त्रज्ञ आणायच्या, आम्ही मुदती मागायचो, हरलो तर वर अपिलात जायचो. कंपनी रात्रभर जागत नाही, तिचं जेवण सुटत नाही. त्यामुळे मीही निवांत जेवायचे.

हे असं चौदा वर्षं चाललं. मग एका दुपारी मावसभावाचा फोन आला.

हा माझा मावसभाऊ आलापल्लीला असतो. बसस्टँडजवळ त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे आणि एक ट्रक आहे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत माजरीला आमच्याकडेच असायचा.

"ताई, एक नोटीस आली हाये," तो म्हणाला. "आमा आठ जनायले. दिल्लीहून. तुह्याच कामातली दिसून राह्यली."

त्यानं मोबाइलवर पानं पाठवली. मी ऑफिसात माझ्या टेबलाशी उभ्या उभ्याच वाचली. सरकारी गोदामातून एटापल्लीकडच्या गावांतल्या रेशन दुकानांपर्यंत धान्य पोचवायचं टेंडर होतं. आठ ट्रकमालकांनी ते भरलं होतं. आठ जणांचे दर मार्गामार्गाला असे बसवलेले की प्रत्येक मार्गावर वेगळा माणूस सगळ्यात खाली, आणि बाकीचे सात त्याच्या थोडेसे वर. आठही टेंडरं एकाच कॉम्प्युटरवरून भरलेली. आठांतही 'एटापल्ली' हा शब्द 'एटापली' असा लिहिलेला. आठांच्या यादीत पहिलं नाव चाचांचं.

चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे दोस्त. पूर्वी माजरीला एका ठेकेदाराचा कोळशाचा ट्रक चालवायचे. पुढं स्वतःचा जुना ट्रक घेऊन आलापल्लीला, आपल्या गावी परतले. मला नागपूरला हॉस्टेलात सोडायला वडिलांना सुट्टी मिळाली नव्हती, तेव्हा माझी पेटी आणि गादी ट्रकच्या मागच्या डाल्यात टाकून, मला आणि आईला केबिनमध्ये बसवून चाचांनीच नेलं होतं. हॉस्टेलच्या फाटकावर चौकीदार ट्रक आत घेऊ देईना, तर त्यांनी पेटी डोक्यावर घेतली आणि दोन जिने चढून खोलीत ठेवली.

मी सीनियरांना सांगितलं की हे काम मला घ्यायचं आहे, फीशिवाय. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "घे. पण यात काही उरलेलं नाही, हे तुला दिसतंय ना?"

मला दिसत होतं.

दिल्लीहून बल्लारशापर्यंत रेल्वे, तिथून आष्टीवरून आलापल्ली. रस्ता उखडलेला होता, गाडी चालण्यापेक्षा उड्याच जास्त मारत होती. चाचांच्या अंगणात टिनाच्या शेडखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून आठही जण बसले होते. चाचांचे गुडघे आता दुखतात, ते खाटेवर होते. मावसभाऊ मांडीवर वही घेऊन माझ्या बाजूला. बाकीचे सहा जण त्याच भागातले, कुणाचा एक ट्रक, कुणाचे दोन. मी सुरुवातीलाच विचारलं.

"चाचा, भाव तुम्ही आपसात ठरवला का?"

"हाव," ते म्हणाले. "ठरवला ना. याच आंगनात बसून ठरवला."

एवढ्या सरळ उत्तराची मला सवय राहिली नव्हती. माझे पक्षकार या प्रश्नावर आधी पाणी मागतात.

"काऊन ठरवला?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. आदल्या वर्षी सगळ्यांनी एकमेकांच्या खाली दर टाकले होते. ज्यानं सगळ्यात खाली टाकला, त्याला त्या दरात टायर बदलणं परवडेना. गुळगुळीत टायरवर दुप्पट पोती भरून तो ड्रायव्हरकडून गाडी पळवत राहिला. नाल्याच्या उतारावर ट्रक उलटला आणि ड्रायव्हरचा पाय गेला. तो ड्रायव्हर चाचांच्या घराच्या मागच्या गल्लीत राहतो.

"मंग मी सगळ्यायले बोलावलं," चाचा म्हणाले. "मनलं, आपनच आपल्याले मारून राह्यलो. असं नको करू. रस्ते वाटून घेऊ, जेच्या घराजोळचा रस्ता तेले. दर असा लावू का टायर तरी बदलता आला पायजे. यात चोरी काय झाली, बेटा, ते मले सांग."

मी दिल्लीत नव्या वकिलांना शिकवते तेव्हा संगनमताचं उदाहरण म्हणून हेच सांगते: स्पर्धक एकत्र बसले, भाव ठरवला, प्रदेश वाटून घेतले. यात कायदा पुढचं काही विचारत नाही. नुकसान झालं असेल असं गृहीतच धरतो. आणि ज्या पुरवठा खात्यानं तक्रार केली त्याचंही चुकलं होतं असं मला म्हणता येत नव्हतं. तांदूळ गरिबांचा होता आणि त्याच्या वाहतुकीचा खर्च सरकारी तिजोरीतून जात होता. हे सगळं मी सांगितलं. ड्रायव्हरच्या पायाबद्दल लिहू, दर वाजवी होता हे दाखवू, लहान माणसं आहेत म्हणून दया मागू, एवढंच हातात आहे, असंही सांगितलं.

मग मी माफीच्या अर्जाबद्दल सांगितलं. ते सांगणं माझं कर्तव्यच होतं. संगनमत केलेल्यांपैकी जो सगळ्यात आधी आयोगाकडे जाऊन सगळं कबूल करतो, इतरांची नावं आणि पुरावे देतो, त्याची शिक्षा पूर्ण माफ होऊ शकते. दुसऱ्याला त्याहून कमी सूट, तिसऱ्याला आणखी कमी. "म्हणून," मी म्हटलं, "तुम्हा आठ जणांचं हित एकच आहे असं समजू नका. प्रत्येकानं वेगळा वकील केलेला बरा."

त्यावर सगळे हसले. एक जण म्हणाला, "एक वकील दिल्लीहून आनता आनता नाकी नऊ आले, बाई. आठ कुठून आनाचे?"

मावसभावानं मात्र वहीतून मान वर करून विचारलं, "पहिला म्हंजे तारखेनं का येळेनं?"

"वेळेनं. मिनिटसुद्धा बघतात."

त्यानं ते लिहून घेतलं. तो दुकानात रोज लोकांचे फॉर्म भरतो, शेवटच्या तारखा आणि वेळा लिहून घ्यायची त्याला सवयच आहे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आठ जणांनी माझ्या वकीलपत्रांवर सह्या केल्या, एकानं अंगठा दिला. मग मी एकेकाला शेडच्या टोकाला नेऊन त्याची हकीकत लिहून घेतली. मावसभावानं सगळ्यात जास्त सांगितलं, कारण सगळे फॉर्म त्यानंच भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा म्हणाले, चल, तुले रस्ता दाखवतो. एटापल्लीच्या बाजूनं आम्ही त्यांच्या ट्रकमधून निघालो. बराच वेळ ते फक्त कुठल्या नाल्यावर पावसाळ्यात किती दिवस अडकावं लागतं ते सांगत होते. मग म्हणाले, "बेटा, मीच गेलो तं? कबूल कराले?"

"चाचा, मी आठही जणांची वकील आहे. तुम्हाला एकट्याला सल्ला देता येत नाही मला."

"बरं, नको देऊ. एवढंच सांग, मी गेलो तं बाकीच्यायचे नावं मलेच द्या लागन ना?"

"हो. त्याशिवाय माफी नाही."

त्यांनी गिअर बदलला. "मंग नाई जमत," ते म्हणाले. "बोलावलं मीच होतं त्यायले."

एवढंच बोलणं झालं. मी दिल्लीला परतले आणि उत्तर लिहायला घेतलं. इतकं मन लावून मी कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं.

पाच-सहा आठवड्यांनी नागपूरच्या एका वकिलाचा मेल आला. दोन ओळींचा. 'आपले अमुक पक्षकार यापुढं माझ्यामार्फत काम चालवू इच्छितात, तरी आपली ना हरकत द्यावी.' पक्षकार म्हणून माझ्या मावसभावाचं नाव होतं.

पक्षकारानं वकील बदलायचं ठरवलं तर जुन्या वकिलानं अडवायचं नसतं. मी अडवलं नाही. त्याला फोन केला तो मात्र तीनदा. तिन्ही वेळा वाजून थांबला. मग मी सही केली आणि पाठवून दिली. का बदलतोय, हे मेलमध्ये लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. माझ्या धंद्यात, मध्येच एकटा माणूस गुपचूप दुसऱ्या वकिलाकडं जातो तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: माफीचा अर्ज.

मी सीनियरांच्या खोलीत गेले. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "तुला बाहेर पडावं लागेल."

"बाकीच्या सात जणांचं काय?"

"त्यांच्यासाठीच म्हणतोय. उद्या तो साक्षीदार म्हणून उभा राहिला तर त्याची उलटतपासणी तू कशी घेणार? त्यानं स्वतः तुला विश्वासानं सांगितलेलं तुझ्या वहीत आहे. ते वापरलंस तर त्याचा विश्वासघात. नाही वापरलंस तर या सातांचा."

मी दिवसभर नियम चाळले, दोन जुन्या मैत्रिणींना फोन केले, कुठं काही वाट निघते का बघितलं. मी दुसऱ्या वकिलांना असल्या प्रसंगी हाच सल्ला दिलेला होता, तेव्हा तो मला अगदी सोपा वाटला होता.

मी आलापल्लीला फोन लावला. सातही जण चाचांच्या अंगणात जमले होते, फोन स्पीकरवर ठेवला होता. मी म्हटलं, "माफीच्या अर्जाचा विचार अजूनही करता येईल. पहिला नंबर नसला तरी सूट असते. ज्याला करायचा असेल त्यानं लवकर करावा."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी फोन चाचांच्या खाटेजवळ सरकवला. मग चाचा म्हणाले, "एक जन गेला का?"

"मला सांगता येत नाही, चाचा."

"म्हंजे गेला. तो आज आला बी नाई इथी."

मी टेबलावरची वही मिटली.

"मंग आता तू काय करतं?"

"मलाही सोडावं लागेल. सगळ्यांचंच." मी कारण सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. त्याचं गुपित माझ्याजवळ आहे, म्हणून मी त्याच्या विरोधात उभी राहू शकत नाही, आणि त्याच्या विरोधात उभं राहिल्याशिवाय तुमचं काम होणार नाही.

चाचांनी ते मनात जुळवून पाहिलं असावं. ते म्हणाले, "म्हंजे तो गेला तं त्याच्यासंगं तू बी गेली."

आवाजात राग नव्हता. एखादा हिशोब बरोबर समजला की नाही हे विचारावं तसं ते बोलले. मी "हो" म्हटलं.

मी त्यांना दुसरा वकील मिळवून दिला, चांगला, अनुभवी. त्याला मराठी येत नव्हती. त्यानं केलेली प्रतिज्ञापत्रं इंग्रजीत होती. चाचांनी मला फोन करून विचारलं, "बेटा, यात काय लिवलं ते सांगशीन का?" आणि मला सांगावं लागलं की केस सोडल्यामुळे ते मी वाचू शकत नाही. इंग्रजी येत असून. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभी राहिले.

सुनावणीला चाचा दिल्लीला आले. मी स्टेशनवर घ्यायला गेले, घरी जेवायला आणलं. केसवर बोलायचं नाही हे त्यांना आधीच सांगितलं होतं. ते कटाक्षानं बोलले नाहीत. गुडघ्यांचं बोलले, माझ्या वडिलांचं बोलले, आलापल्लीत सागाची जुनी झाडं आता किती राहिली ते बोलले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना इमारतीच्या दारापर्यंत सोडलं आणि आत मात्र गेले नाही. ज्या इमारतीत मी चौदा वर्षं जात-येत होते, तिच्यासमोर रस्त्याच्या पलीकडं उभी राहिले. दुपारी ते एकटेच बाहेर आले. मी रिक्षा थांबवली.

आत काय झालं ते मी निकालातच वाचलं, इतर कुणीही वाचावं तसं, आयोगाच्या संकेतस्थळावर. चाचांना विचारलं गेलं होतं की अशी बैठक झाली का. त्यांनी सांगितलं, झाली, आणि मीच बोलावली. ड्रायव्हरच्या पायाचा उल्लेख एका वाक्यात होता. त्या घटनेबद्दल सहानुभूती असली तरी तिच्यामुळे करार कायदेशीर ठरत नाही, असं लिहिलं होतं. कायद्याच्या दृष्टीनं निकालात एकही चूक मला काढता आली नाही. सात जणांना दंड झाला, चाचांना बैठक घेतली म्हणून थोडा जास्त. मावसभावाला पूर्ण माफी. पुढं खात्यानं सातही जणांना काही काळ टेंडर भरायला बंदी केली. काम बाहेरच्या एका मोठ्या वाहतूकदाराला गेलं. त्याच्याकडं इकडचे ट्रक नव्हतेच, त्यामुळे सातांतल्या तिघांनी त्याच्याकडं खेपेवर गाड्या लावल्या. अपील करू या, असं नवा वकील म्हणाला. चाचांनी नको म्हटलं.

माजरी सोडून आई आता चंद्रपूरला राहते, त्या वर्षी धम्मचक्र दिनाला मी तिच्याकडं होते. त्या दिवशी आमच्याकडं सगळे नातेवाईक येतात. मावसभाऊही आला, बायको आणि मुलीला घेऊन. त्याच्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, थंडी सुरू झाली की तिचे हातपाय दुखायला लागतात. तो पुढच्या खोलीत कोणाशी फारसं बोलत नव्हता. मी स्वयंपाकघरात ताटं पुसत होते, तिथं येऊन दाराशी उभा राहिला.

"ताई, राग हाये का माह्यावर?"

"नाही. कायद्यानं तुला तो हक्क होता."

"कायद्याचं नाई इचारत मी."

मी ताट खाली ठेवलं. तो म्हणाला, "सगळे फॉर्म माह्या कॉम्प्युटरवरून गेल्ते. सगळ्यात पहिले मलेच उचललं असतं. मी जेलात गेलो असतो तं पोरीले दवाखान्यात कोन नेलं असतं? तुह्या भावजयीले तं बसचा बोर्ड बी वाचता येत नाई."

"जेल?" मी म्हटलं. "यात जेल नसते. कुणालाच नसते. फक्त दंड होतो."

त्यानं चौकटीवरचा हात खाली घेतला. "तू तं शिक्षा मनलं होतं. शिक्षा माफ होते मनलं होतं."

मी ती बैठक मनात पुन्हा पुन्हा घोळवली. कायदा सांगितला होता, गृहीतक सांगितलं होतं, पहिला, दुसरा, तिसरा नंबर सांगितला होता. यात कुणालाही तुरुंगात टाकत नाहीत, हे वाक्य मात्र मी उच्चारलं नव्हतं. माझ्या कुठल्याही पक्षकाराला ते कधी सांगावं लागलं नव्हतं, त्यांना ते माझ्याआधी ठाऊक असायचं.

"नसते का खरंच?" त्यानं परत विचारलं.

"नसते."

तो खाली बसला, तिथंच दाराच्या चौकटीला टेकून. आई आत आली, तिनं आम्हा दोघांकडं पाहिलं आणि ताटं उचलून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी आलापल्लीची बस धरली. केस संपली होती, आता चाचांशी बोलायला मला कुठलाच नियम आडवा येत नव्हता. ट्रक त्यांनी विकला होता. ते अंगणात खाटेवर बसून वाळत घातलेल्या मिरच्या राखत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, मावसभाऊ काय म्हणाला ते, आणि माझ्याकडून काय राहून गेलं ते. माफी मागितली.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले बी जेलच वाटली होती, बेटा."

"तुम्हाला?"

"मंग. दिल्लीले आलो तेव्हा थैलीत दोन लुंग्या, अंगावरचं ब्लँकेट, गुडघ्याच्या गोळ्या महिनाभराच्या टाकूनच आल्तो. घरी सांगून आल्तो, येईन का नाई भरोसा नाई. तुह्या घरी जेवलो ना, तवा ती थैली तुह्या दारामांगंच होती."

"मग मला विचारलं का नाही?"

"तूच तं मनलं होतं ना, केसवर बोलाचं नाई."

त्यांच्या सुनेनं चहा आणला. आम्ही तो पिऊन होईपर्यंत ते चाकं आणि रस्ते यांच्याबद्दल बोलत राहिले, मोठ्या वाहतूकदाराच्या गाड्या कुठल्या नाल्यावर फसतात त्याबद्दल. माझी परतीची बस साडेतीनची होती. ती वीस मिनिटं उशिरा आली. तेवढा वेळ ते काठी टेकत माझ्याबरोबर स्टँडवर उभे राहिले, मी दोनदा बसा म्हटलं तरी बसले नाहीत.